घरातील रिकाम्या डब्यांत भाजीपाल्याची रोपे

टोमॅटो, मिरची, वांगी, कोबी व फ्लॉवर या भाज्यांची आधी रोपे तयार करून मग ती कायम जागी लावण्याची पद्धत देशभर रूढ आहे. शेतकरी त्यासाठी गादीवाफे किंवा प्रो-ट्रे वापरतात. घरगुती बागेत हेच काम दह्याच्या वाट्या, श्रीखंडाचे डबे, दुधाच्या पिशव्या आणि अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे करू शकतात. पात्र फुकट मिळते. बियाणे आणि हंगाम मात्र वाया गेल्यास सहज भरून निघत नाहीत. त्यामुळे पात्राच्या निवडीपेक्षा त्याची तयारी अधिक महत्त्वाची ठरते.

तयारीतील पहिली बाब म्हणजे तळाची छिद्रे. पाणी साचल्यास मातीतील बुरशी बळावते, कोवळ्या रोपाचे खोड जमिनीलगत कुजते आणि रोप आडवे होते. यास रोपे कोलमडण्याचा रोग म्हणतात. एकदा कोलमडलेले रोप सहसा वाचत नाही. यासाठी प्रत्येक डब्याला तीन-चार छिद्रे पाडावीत आणि जुनी पात्रे साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवावीत. नारळाची करवंटी वापरायची असल्यास डोळ्यांकडील अर्धा भाग घ्यावा. तीन डोळ्यांपैकी मऊ डोळा सहज टोचता येतो. रंग, कीटकनाशक किंवा अन्य रसायनांचे डबे वापरू नयेत.

नुसती बागेतील माती डब्यात घट्ट बसते. त्याऐवजी कोकोपीट आणि चाळलेले गांडूळ खत यांचे भुसभुशीत मिश्रण भरावे. टोमॅटो, मिरची व वांग्याचे बी सुमारे अर्धा सेंटिमीटर खोल पेरावे. २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात टोमॅटोचे बी साधारण आठवड्यात उगवते. मिरचीला दोन आठवडेही लागू शकतात. पाणी वरून ओतण्याऐवजी डबे पाण्याच्या ताटात दहा-पंधरा मिनिटे ठेवून काढावेत.

अंकुर दिसताच डबे भरपूर उजेडाच्या खिडकीत हलवावेत. उजेड अपुरा पडल्यास रोपे उंच, फिकट व नाजूक होतात. रोपे खिडकीकडे झुकत असल्यास डबे रोज फिरवावेत. अंड्यांच्या ट्रेमधील खळगे लवकर सुकतात. त्यातील रोपांना दोन खरी पाने येताच ती मोठ्या पात्रात हलवणे इष्ट.

घरात रोपे वाढवण्याचे कारण प्रदेशानुसार बदलते. उत्तर भारताच्या मैदानी भागात हिवाळ्यातील थंडी व दहिवरापासून रोपांचा बचाव होतो, तर कोकण आणि गोव्यात पावसाच्या जोरदार सरींपासून. मुळा, गाजर यांसारखी मूळवर्गीय पिके मात्र थेट कायम जागीच पेरावीत. पुनर्लागवडीत त्यांची मुळे वेडीवाकडी होतात.

टोमॅटोची रोपे साधारण २५ ते ३० दिवसांत, तर मिरचीची ३५ ते ४५ दिवसांत लावणीयोग्य होतात. तत्पूर्वी आठवडाभर त्यांना टप्प्याटप्प्याने ऊन-वाऱ्याची सवय लावावी. लावणी सायंकाळी करावी. दुधाची पिशवी बाजूने कापल्यास मुळांभोवतीची माती न फुटता रोप निघते. प्लास्टिकचे डबे धुऊन पुढील हंगामासाठी ठेवता येतात.