दुभंगलेला ओठ व टाळू : आनुवंशिक घटक

गर्भाचा वरचा ओठ चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळून येतो. टाळूचे दोन्ही पडदे मध्यरेषेवर सांधले जायला मात्र बारावा आठवडा उजाडतो. या जुळणीत खंड पडला, तर बाळ दुभंगलेला ओठ, दुभंगलेली टाळू किंवा दोन्ही घेऊन जन्माला येते. जगात सुमारे ७०० जन्मांमागे एका बाळात हा दोष दिसतो. ग्रहणात गर्भवतीने विळीला हात लावला म्हणून ओठ फाटला, असे महाराष्ट्रात अजूनही बोलले जाते. ग्रहणाचा आणि या दोषाचा काहीही संबंध नाही.

डॅनिश शल्यविशारद पॉल फॉग-अँडरसन यांनी १९४२ मध्ये अनेक कुटुंबांचा अभ्यास करून दाखवले, की ओठाचा दोष (टाळूसह वा टाळूविना) आणि केवळ टाळूचा दोष आनुवंशिकदृष्ट्या वेगळे आहेत. पहिला मुलग्यांत अधिक आढळतो, दुसरा मुलींत.

एकाच जनुकामुळे दोष उद्भवण्याचे ठळक उदाहरण म्हणजे व्हान डर वूड लक्षणसमूह. त्याचे वर्णन १९५४ मध्ये झाले. यात खालच्या ओठावर बहुधा मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना बारीक खळगे असतात. कधीकधी त्यांतून चिकट स्राव पाझरतो. २००२ मध्ये संशोधकांच्या मदतीला एकसारखी जुळी भावंडे आली. दोघांपैकी एकालाच हा विकार होता. डीएनए ताडून पाहिल्यावर त्या एकाच्याच आयआरएफ-६ जनुकात बिघाड सापडला. हे जनुक पहिल्या गुणसूत्रावर असून त्वचा व तोंडाच्या अस्तराच्या पेशींची वाढ नियंत्रित करते.

बहुतांश रुग्णांत मात्र असे एकच दोषी जनुक नसते. आयआरएफ-६ च्या नियंत्रक भागातील किंवा आठव्या गुणसूत्रावरील ८क्यू२४ पट्ट्यातील बदल एकेकटे थोडाच धोका वाढवतात. त्यांत आईचे धूम्रपान, मधुमेह किंवा व्हॅल्प्रोएटसारखी फिट्सवरील औषधे यांची भर पडू शकते. एकसारख्या जुळ्यांतही अनेकदा एकालाच दोष असतो, तो यामुळेच.

पहिल्या बाळाला केवळ ओठाचा वा ओठ-टाळूचा दोष असून अन्य विकार नसेल, तर पुढच्या बाळाला तो होण्याची शक्यता साधारण ३ ते ५ टक्के असते. व्हान डर वूडमध्ये बाधित पालकाकडून सदोष जनुक मुलाकडे जाण्याची शक्यता ५० टक्के असते. पालकाच्या ओठावर नुसते खळगे असले, तरी मुलाची टाळू दुभंगलेली असू शकते. म्हणून समुपदेशनापूर्वी आईवडिलांचे खालचे ओठही तपासले जातात.