वेडी बाभूळ : एका परक्या झाडाचा इंधन-इतिहास

सोलापूर, अहिल्यानगर, धाराशिव आणि बीड या दुष्काळी जिल्ह्यांत परसाच्या कुंपणापासून ओढ्याच्या काठापर्यंत पसरलेली वेडी बाभूळ आज इतकी सरावाची झाली आहे की ती मूळची या भूमीतली नाही, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ‘प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा’ असे शास्त्रीय नाव असलेल्या या झाडाचे मूळ स्थान मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांचा प्रदेश हे होय. मद्रास इलाख्यातील आगगाड्यांची इंजिने त्या काळी मोठ्या प्रमाणावर लाकडावर चालत असल्यामुळे, आणि कोरड्या जमिनीत झपाट्याने वाढेल असे झाड वनखात्याला हवे असल्यामुळे, जमैकाहून तिचे बी मागवण्यात आले व 1877 मध्ये कडप्पा जिल्ह्यातील कमलापुरम येथे त्याची लागवड झाली. म्हणजे हे झाड भारतात आले तेच सरपण म्हणून. पुढे ओसाड जमीन झाकण्यासाठी आणि वाळवंट रोखण्यासाठी अनेक प्रांतांत त्याची लागवड झाली. कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशात 1960-61 च्या सुमारास वनखात्याने केलेली पेरणी हे त्यांतले एक मोठे आणि, गवताच्या दृष्टीने, फार महाग पडलेले उदाहरण होय.

गावठी बाभूळ आणि शमी या दोन देशी झाडांशी तिची गल्लत होते. मात्र काटा, फूल आणि शेंग अशा क्रमाने पाहिल्यास ओळख पक्की होते. गावठी बाभळीचे काटे पांढरट, सरळ व जोडीने येतात, फुले पिवळ्या गोंड्यांची असतात आणि बियांमध्ये आवळलेली शेंग मण्यांच्या माळेसारखी दिसते. वेडीचे काटे पानाच्या बगलेत येतात, फुले गोंड्याऐवजी लांबट, फिकट पिवळ्या तुऱ्यांची असतात, आणि शेंग पिवळसर, गराची व गोड असून पिकल्यावरही आपोआप उकलत नाही. शमीचे आखूड, बुंध्याशी रुंद काटे मात्र पेरांच्या मधल्या भागावर विखुरलेले असतात. गोड शेंग शेळ्या-मेंढ्या व गुरे आवडीने खातात, बी न पचता शेणालेंड्यांतून बाहेर पडते, आणि त्यामुळे जनावर जेथे फिरते तेथे झाडही पोचते. कोणीही न लावता ते परसात उगवते, याचे कारण हेच.

सरपण म्हणून त्याची प्रत खरोखर उत्तम आहे. पूर्ण वाळलेल्या कोणत्याही लाकडाची उष्णता वजनाच्या हिशेबाने फारशी कमी-अधिक नसते. फरक पडतो तो घनतेमुळे, म्हणजे ठरावीक आकाराच्या तुकड्यात किती वजन सामावते यामुळे. म्हणूनच पांगारा, शेवगा किंवा सावर यांचे हलके लाकूड भडकून चटकन विझते, तर बाभूळ, धावडा आणि वेडी बाभूळ यांचे निखारे दीर्घकाळ धगधगत राहतात. मोळी उचलताना हाताला लागणाऱ्या वजनावरून सरपण पारखणाऱ्या बायकांनी हे झाड आधी चुलीतच ओळखले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही. तोडलेल्या खुंटाला पुन्हा फुटवे येत असल्यामुळे एकाच झाडापासून वर्षानुवर्षे जळण मिळते. 1878 च्या वनकायद्याने राखीव जंगले बंद केली, आणि महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्याविरुद्ध शेतकऱ्यांची बाजू मांडली. या जंगलबंदीच्या जाचात सापडलेल्या गरिबाला, ज्याची मालकी कोणी सांगत नाही असे हे झाड पुढच्या काळात उपयोगी पडले, हे मान्य करावे लागते.

या झाडाचा व्यापारी कोळसा पाडण्याच्या कामाशी मात्र कातकरी समाजाचा इतिहास जोडलेला आहे. खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून, तो काढा आटवून काथ करणे हा या समाजाचा पूर्वापार व्यवसाय. वननियमांनी खैर हातचा गेल्यावर ठाणे-कुलाब्याच्या जंगलांतून मुंबईला कोळसा पुरवण्याच्या कामाकडे तो लोटला गेला, आणि पुढे कोकणातले जंगल आटल्यावर तीच कुटुंबे घाट चढून वेडी बाभूळ तोडण्यासाठी दूरच्या जिल्ह्यांत जाऊ लागली. लाकडांची रास रचून ती पाल्याने व मातीने लिंपायची आणि हवा अगदी मोजकी देत कित्येक दिवस धुमसत ठेवायची, हे भट्टीचे तंत्र. त्यात रात्रीही पाळत ठेवावी लागते, कारण मातीला तडा गेला तर आत हवा शिरून कोळशाची राख होते. पावसाळ्याआधी घेतलेली उचल, म्हणजे ठेकेदाराने मजुरीपोटी आगाऊ दिलेली रक्कम, हंगामाच्या शेवटीही अनेकदा फिटत नाही, आणि कर्जापोटी माणसाला कामाला बांधून ठेवणे 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा ठरवले असूनही कोळसाभट्ट्यांवरून वेठबिगार मजुरांची सुटका करण्याचे प्रसंग महाराष्ट्रात आजही घडतात. वेड्या बाभळीच्या इंधनमूल्याचा कोणताही हिशेब या उचलीची नोंद घेतल्याशिवाय अपुरा आहे.