‘फिशन’ : एका शोधाचा आणि एका संज्ञेचा इतिहास

शास्त्रीय शोधांच्या इतिहासात संज्ञेचा वाटा किती असतो, हे अणुकेंद्राच्या दुभंगण्याच्या शोधावरून चांगले दिसून येते. १९३४ साली रोम येथे एन्रिको फेर्मी यांनी युरेनियमवर न्यूट्रॉनांचा मारा केला. त्यातून उत्पन्न झालेली किरणोत्सर्गी द्रव्ये युरेनियमच्या पलीकडील मूलद्रव्ये असावीत, असे मानले गेले व ‘युरेनियमोत्तर’ हे नाव रूढ झाले. जड केंद्राचे मोठे तुकडेही होत असतील, ही इडा नोडॅक यांनी त्याच वर्षी मांडलेली शक्यता दुर्लक्षित राहिली. नाव आधी ठरले आणि पुढील चार वर्षे शोधकांची दृष्टी त्या नावाच्या कक्षेतच फिरत राहिली.

डिसेंबर १९३८ मध्ये बर्लिन येथे ओटो हान व फ्रिट्झ स्ट्रासमान यांना या प्रयोगात बेरियम आढळले. युरेनियमचा अणुक्रमांक ९२, बेरियमचा ५६. तेव्हा जुने नाव टिकणे शक्य नव्हते. त्यांच्या सहकारी लिझे माइट्नर यांना जुलैमध्येच जर्मनी सोडावी लागली होती. स्वीडनमध्ये त्यांनी भाचा ओटो फ्रिश याच्यासह उलगडा केला. केंद्र द्रवबिंदूप्रमाणे लांबते, मध्ये आकुंचन पावते व दुभंगते. प्रोटॉनच्या सुमारे एक-पंचमांश वस्तुमान नाहीसे होते व सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा प्रकट होते. १९४४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मात्र एकट्या हान यांना मिळाले.

पेशी दुभंगण्याच्या क्रियेस काय म्हणतात, असे फ्रिश यांनी कोपनहेगन येथे विल्यम आर्नल्ड या जीवशास्त्रज्ञास विचारले व ‘फिशन’ ही संज्ञा उचलली. ११ फेब्रुवारी १९३९ च्या ‘नेचर’मध्ये ती छापली गेली.

मराठीपुढील प्रश्न येथून सुरू होतो. सातारा जिल्ह्यातील वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे कार्य उभे राहिले. परिभाषासंग्रह १९७३ मध्ये, तर पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. मराठीत ‘भंजन’, ‘विखंडन’, ‘विभाजन’ असे तिन्ही शब्द आढळतात. ‘भंजन’ म्हटले की ‘मूर्तिभंजन’ आठवते. म्हणजे बाहेरच्या आघाताने फोडणे. वस्तुतः मंदगती न्यूट्रॉन केंद्रात शोषला जातो आणि अस्थिर झालेले केंद्र आपणहून दुभंगते. ‘विखंडन’ केवळ परिणाम सांगते. ‘विभाजन’ मात्र पेशीविभाजनाची आठवण देते आणि म्हणून मूळ रूपकाशी अधिक प्रामाणिक आहे.

सातारा-सांगलीच्या मराठी शाळांतून आलेला विद्यार्थी हे शब्द एकमेकांचे पर्याय म्हणून पाठ करतो. शब्दामागील क्रिया त्यास सांगितली नाही, तर संज्ञा ज्ञानाचे द्वार न होता भिंत होते. ‘युरेनियमोत्तर’ या नावाचा इतिहास हेच सांगतो.