वैद्यकाचे विद्यार्थी आणि पांढरा गुलाब

९ डिसेंबर १९४६ रोजी जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे २३ आरोपींवर खटला उभा राहिला. त्यांपैकी २० जण डॉक्टर होते. छळछावण्यांतील बंदिवानांवर प्राणघातक प्रयोग करणे आणि ‘जगण्यास अपात्र’ ठरवलेल्या रुग्णांना ठार मारणे, हे त्यांच्यावरील आरोप. ऑगस्ट १९४७ मध्ये निकाल लागला आणि सात जणांना देहान्ताची शिक्षा झाली.

रुग्णसेवेची शपथ घेणारी माणसे या थराला कशी गेली? त्यांना कोणी नीती शिकवली नसावी, असे उत्तर सहज सुचते. इतिहास मात्र वेगळे सांगतो. नव्या उपचारांसाठी रुग्णाची संमती आवश्यक मानणारे नियम जर्मन सरकारनेच १९३१ साली काढले होते. पुढे १९३९ पासून वैद्यकीय कायदा आणि व्यवसायनीती हा विषय तेथील वैद्यकीय शिक्षणात सक्तीचा झाला. बर्लिनमध्ये तो शिकवणाऱ्या रुडॉल्फ राम यांचे पाठ्यपुस्तक १९४२ साली निघाले. या शिकवणीने डॉक्टरची पहिली निष्ठा समोरच्या रुग्णाकडून काढून राष्ट्र आणि वंश यांच्या पायी वाहिली. नीतीचा तास होता. त्यातून ‘शेजारी’ तेवढा हद्दपार झाला होता.

त्याच काळात म्युनिक येथे हान्स शोल, अलेक्झांडर श्मोरेल, ख्रिस्टोफ प्रोब्स्ट आणि विली ग्राफ हे वैद्यकाचे विद्यार्थी होते. जून १९४२ पासून ‘पांढरा गुलाब’ या नावाने राजवटीविरुद्ध गुप्त पत्रके निघू लागली, ती याच मित्रमंडळीची. पोलंडमधील ज्यूंच्या कत्तलीचा त्यांनी उघड उच्चार केला.

हे धैर्य त्यांना वर्गात मिळाले नव्हते. विली ग्राफ कॅथलिक घरात वाढला. शाळकरी वयातच त्याने हिटलरच्या युवक संघटनेत जाण्याचे नाकारले. बंदी घातलेल्या कॅथलिक युवक मंडळाशी संबंध ठेवल्याबद्दल १९३८ साली त्याने कोठडीही पाहिली. हान्स शोलला कार्ल मूथ या वयोवृद्ध कॅथलिक संपादकाचा सहवास लाभला. त्यांचा ग्रंथसंग्रह लावता लावता तो वाचत आणि वाद घालत गेला. मनोरुग्णांच्या हत्येचा निषेध करणारे म्युन्स्टरचे बिशप फॉन गालेन यांचे ३ ऑगस्ट १९४१ चे प्रवचन हस्ते परहस्ते देशभर फिरले, तेव्हा तोही हेलावला. १९४२ च्या उन्हाळ्यात रशियन आघाडीवर शुश्रूषापथकात काम करताना या तरुणांनी युद्धाची क्रूरता जवळून पाहिली.

१८ फेब्रुवारी १९४३ रोजी अटकसत्र सुरू झाले. चारच दिवसांनी हान्स, त्याची बहीण सोफी आणि प्रोब्स्ट यांचा शिरच्छेद झाला. मृत्यूपूर्वी तुरुंगातच प्रोब्स्टने कॅथलिक स्नानसंस्कार घेतला. श्मोरेलला जुलैमध्ये मारण्यात आले. साथीदारांची नावे काढून घेण्यासाठी विली ग्राफची महिनोन्‌महिने चौकशी चालली. १२ ऑक्टोबरला, वयाच्या २५ व्या वर्षी, त्यालाही वधस्तंभाकडे नेले.

आपल्या देशातही २०१९ पासून एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि रुग्णाशी संवाद यांच्या शिक्षणाला रीतसर स्थान मिळाले आहे. त्याचे स्वागतच करावे. तरीही आपल्या घरांतून मुले वैद्यकाला जातात तेव्हा आपण प्रवेशाची, गुणांची आणि फीची जेवढी विचारपूस करतो, तेवढीच ती काय वाचतात, कोणाशी मोकळेपणाने वाद घालतात आणि चुकीच्या गोष्टीला ‘नाही’ म्हणायला घरात शिकली आहेत काय, याचीही करावी. विली ग्राफ महाविद्यालयात जाण्यापूर्वीच ते शिकला होता.