तेलशोषके, नैसर्गिक

पाण्यावर सांडलेले खनिज तेल टिपण्यासाठी वापरले जाणारे वनस्पतिज किंवा प्राणिज पदार्थ. पेंढा, लाकडाचा भुसा, कच्चा कापूस, सावरीचा कापूस, लोकर आणि पीट, म्हणजे दलदलीत अर्धवट कुजून साठलेले वनस्पतींचे अवशेष, ही त्यांतील प्रमुख होत. तेल पदार्थाच्या आत मुरते तेव्हा अवशोषण आणि पृष्ठभागालाच चिकटते तेव्हा अधिशोषण होते. बहुतेक शोषकांत दोन्ही क्रिया बरोबरच घडतात.

तेल शोषण्यापेक्षा पाणी न शोषता तेल शोषणे हे खरे अवघड काम आहे. कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे १९६९ मध्ये किनाऱ्यावर मोठ्या प्रमाणात पसरलेला पेंढा स्वतःच्या वजनाच्या ३ ते १५ पट तेल धरू शकतो, पण पाणीही पितो आणि जड होऊन तेलासह बुडू शकतो. कच्च्या कापसाच्या तंतूवर मात्र नैसर्गिक मेणाचा थर असल्याने तो तैलस्नेही, म्हणजे तेलाला जवळ करणारा, आणि जलविरोधी असतो. क्षाराने धुऊन मेण काढलेला दवाखान्यातील कापूस म्हणूनच या कामी निरुपयोगी. टेक्सस टेक विद्यापीठातील शेषाद्री रामकुमार आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या संशोधनात कच्च्या कापसाने ३० पटींहून अधिक तेल धरले, आणि त्यातही अपक्व, हलक्या प्रतीचा तंतू सरस ठरला. भाव पाडून विकल्या जाणाऱ्या मालाचा हा गुण विदर्भ-मराठवाड्यात अधिक चर्चेला यायला हवा होता.

सावरीचा तंतू पोकळ आणि मेणचट असतो. रुईच्या बोंडातून उडणारी ‘म्हातारी’ही तशीच. रुईच्याच कुळातील मिल्कवीड कॅनडात मुबलक उगवते. तेथील ऑन्टारिओ प्रांतात ते २०१४ पर्यंत उपद्रवी तणांच्या यादीत होते, तर शेजारच्या क्वेबेकमध्ये त्याच्या तंतूंपासून तेलशोषके तयार करण्यात आली. ऑन्टारिओतील ग्वेल्फ या शहरात एकत्र येणाऱ्या स्पीड आणि एरामोसा यांसारख्या लहान नद्यांवर, किंवा शांत खाडीत, पात्रात आडवे टाकलेले शोषक तंतूंचे लांब गुंडाळे उपयोगी पडू शकतात. खवळलेल्या समुद्रावर त्यांचा निभाव लागत नाही.

मुंबईजवळ ७ ऑगस्ट २०१० रोजी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर झाली. ऐन पावसाळ्यात सुमारे ८०० टन तेल सांडून रायगडच्या किनाऱ्यावरील खारफुटीपर्यंत पोहोचले. खारफुटीच्या श्वसनमुळांच्या दाटीत पसरलेला सुटा शोषक पुन्हा गोळा करणे जवळजवळ अशक्य असते. टेरी या संस्थेचे ‘ऑइलझॅपर’ हे मिश्रण, जे या गळतीनंतर वापरले गेले, वेगळ्या तत्त्वावर चालते : दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांच्या भुकटीवर तेलभक्षक जीवाणू बसवलेले असतात आणि ते तेलाचे जागीच विघटन करतात.

तेलाने माखलेला शोषक पिळून काही तेल परत मिळते, पण उरलेला चोथा भारतात घातक कचऱ्यात मोडतो. त्यामुळे पदार्थ कितीही स्वस्त असला, तरी तो गोळा करणे, वाहून नेणे आणि जाळणे यांचा खर्च टळत नाही.