केडगावच्या माळावरचा आनंद

छापखान्याचा खिळा उलटा असतो. ‘प’चा दांडा उजवीकडे हवा तर खिळ्यावर तो डावीकडे दिसतो, आणि सगळी ओळ आरशात पाहिल्यासारखी वाचावी लागते. त्यात देवनागरी. इंग्रजीचे काम थोड्या खान्यांत भागते. मराठीला मात्र काने, मात्रा, वेलांट्या, रफार, जोडाक्षरे यांची रासच समोर मांडून बसावे लागते. कोणता खिळा कोणत्या खान्यात हे बोटांना पाठ झाल्याशिवाय ओळ पुढे सरकत नाही. पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर केडगाव लागते. शंभर वर्षांपूर्वी तिथल्या मुक्ती सदनात बायका आणि मुली हे काम करीत होत्या. त्यांतल्या कितीतरी जणी दुष्काळातून उचलून आणलेल्या होत्या. आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती, आणि आता त्या आख्खे बायबल जुळवीत होत्या. मजकूर होता पंडिता रमाबाईंचा, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत आणलेला.

रमाबाईंची विद्वत्ता मराठी वाचकाला ठाऊक असते. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही लेक २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळच्या रानात जन्मली. आईने तिला संस्कृत शिकवले आणि भागवताचे अठरा हजार श्लोक तिच्याकडून मुखोद्गत करून घेतले. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. वयाच्या विसाव्या वर्षी एवढा मान मिळालेली दुसरी बाई त्या काळात शोधून सापडत नाही. हीच विदुषी पुढे माळावर राहायला गेली, धान्याच्या पोत्यांचा आणि विहिरीच्या पाण्याचा हिशेब पाहू लागली आणि तिथे सुखी झाली. चरित्रकारांनी रमाबाईंच्या कार्याबद्दल भरपूर लिहिले. त्या सुखाबद्दल फार कमी लिहिले गेले.

त्याची सुरुवात लंडनजवळच्या फुलहॅम इथे झाली. १८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकी शिकण्यासाठी. कानाने कमी ऐकू येत असल्याने तो बेत मोडला. वाँटेज इथल्या भगिनींच्या मठात त्यांची राहण्याची सोय होती. त्या भगिनींनी त्यांना फुलहॅमचे एक घर दाखवले. ज्यांना समाजाने ‘बिघडलेल्या’ म्हणून टाकून दिले अशा बायकांना तिथे आसरा होता. भगिनी त्यांना जवळ बसवीत, काम शिकवीत, आजारपणात उशाशी बसत. आपल्याकडे अशा बाईची सावलीही टाळतात, हे रमाबाईंनी जन्मभर पाहिले होते. शास्त्रांत तिच्यासाठी शिक्षा असते हेही त्यांना पाठ होते. म्हणून त्यांनी विचारले, तुम्ही हे का करता? उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचून दाखवला: येशू विहिरीवर बसला आहे आणि एका शोमरोनी बाईशी बोलतो आहे, जिच्याशी कोणी बोलत नसे. रमाबाईंवर छाप पडली ती सिद्धान्ताची नव्हे, त्या घरातल्या कामाची. पुढे नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांच्या लेखनाने बुद्धीचीही समजूत पटली आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

तरी त्या कोणाच्या ताब्यात गेल्या नाहीत. शाकाहार सोडला नाही. अंगावरच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे नकोत, संस्कृत चालतील, असा त्यांचा आग्रह होता. लॅटिन आपल्याला कळत नाही, मग न कळणारी अक्षरे मिरवायची कशाला, असा त्यांचा साधा प्रश्न होता. मठातल्या मोठ्या भगिनींना हा ताठा वाटला. पण पुढच्या आयुष्याकडे पाहिले की लक्षात येते, हीच बाई तीस-चाळीस वर्षांनी खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत बायबल आणणार होती. मागणी पहिल्यापासून एकच होती.

भारतात परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला आले. उच्चवर्णीय विधवांसाठी ही शाळा होती आणि धर्मप्रचार करायचा नाही असा करार होता. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई जोशी होत्या. पुढे महर्षी कर्व्यांशी लग्न होऊन त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. ‘माझे पुराण’ लिहिणाऱ्या बाया कर्वे त्या ह्याच. महर्षी कर्व्यांच्या संस्थेचे एक मूळ असे रमाबाईंच्या अंगणात सापडते. पण १८९३ मध्ये वादळ उठले. रमाबाई सकाळी स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, काही मुली येऊन बसत. रानडे, भांडारकर यांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले आणि पुष्कळ पालकांनी मुली नेल्या. ‘केसरी’ने झोड उठवली. पालकांची भीती अगदीच निराधार नव्हती, कारण काही मुली पुढे खरोखरच ख्रिस्ती झाल्या. आणि रमाबाईंची बाजूही खोटी नव्हती. दार लावून प्रार्थना करायला त्या तयार नव्हत्या.

या धकाधकीच्या थोडे आधी, १८९१ च्या सुमारास, त्यांच्या आत काहीतरी घडले होते. १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी ते मोकळेपणाने सांगितले आहे. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षे आपल्याजवळ ख्रिस्ती धर्म होता पण ख्रिस्त नव्हता, असा त्याचा आशय आहे. पुस्तके वाचली होती, मते तपासली होती, चर्चा झाल्या होत्या; पण मनाला शांतता नव्हती. ती आली तेव्हा कोणता वाद जिंकून आली नाही. आपण काही कमवायचे नाही, फक्त घ्यायचे आहे, हे एका विदुषीला उमगले. जिने आयुष्यभर श्लोक कमावले, सभा जिंकल्या, पदव्या मिळवल्या, तिला हात रिकामे करून पुढे करणे किती जड गेले असेल! त्यानंतरच्या त्यांच्या लिहिण्यात आनंद हा शब्द पुन्हा पुन्हा येतो.

१८९६–९७ चा दुष्काळ मध्य प्रांतात आला. रमाबाईंना दुष्काळ पुस्तकातून कळलेला नव्हता. १८७४ मध्ये रानावनात भटकताना त्यांच्या घरानेच उपासमार सोसली होती. पाला खाऊन दिवस काढले होते. वडील गेले, पाठोपाठ आई गेली, मग थोरली बहीण. उरलेल्या बहीण-भावाने अनवाणी पायांनी देश पालथा घातला. त्या आठवणींनीच रमाबाईंना घरात बसू दिले नाही. त्या गेल्या, मदतकेंद्रे पाहिली. तिथे पोरक्या मुलींवर कोणाची नजर आहे हेही पाहिले आणि मुलींना घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेग होता. नव्याने आलेल्या इतक्या मुलींना शहरात ठेवायला परवानगी मिळेना. केडगावला रमाबाईंनी आधीच जमीन घेतली होती, फळबागेच्या उत्पन्नावर शाळा चालावी म्हणून. तिथेच तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. १८९८ पर्यंत मुक्ती सदनाने आकार घेतला. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तर तिथे जवळजवळ दोन हजार माणसे राहू लागली.

दोन हजार जणींना रोज दोन वेळा जेवू घालायचे म्हणजे काय, याचा हिशेब ज्याने एखादे लग्नघर सांभाळले आहे त्याने मनाशी करून पाहावा. लग्न दोन दिवसांत आटोपते. इथे दळणकांडण, पाणी, सरपण, धुणे, खरूज झालेल्या डोक्यांची निगा, हगवणीने आजारी पडलेल्या मुली, हे वर्षाचे बारा महिने. आणि आलेल्या मुली गरीब गाईसारख्या नव्हत्या. उपासमारीने माणूस अन्न लपवतो, ओरबाडतो, कोणावर विश्वास ठेवत नाही. रमाबाईंनी शारदा सदनातल्या मोठ्या मुलींना हाक दिली आणि त्या पुढे आल्या. काल ज्यांचे केशवपन झाले, ज्यांना घरात अपशकुनी ठरवले, त्या ब्राह्मण विधवा आता कोणत्या जातीची मुलगी आपल्या हातून न्हाते आहे हे न विचारता तिचे डोके धूत होत्या. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात या गोष्टीची नोंद जेवढ्या ठळकपणे व्हायला हवी होती तेवढी झाली नाही.

हळूहळू माळावर वस्ती बसली. माग आले, तेलाचा घाणा आला, गाई आल्या, शिवणकाम सुरू झाले. वेगवेगळी सदने झाली: फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन, वृद्धांसाठी प्रीती सदन, अंध मुलींसाठी बार्तीमी सदन. रमाबाईंची मुलगी मनोरमा शाळेचा भार वाहत होती. रमाबाई स्वतः जाडेभरडे पांढरे लुगडे नेसत, केस आखूड ठेवत आणि मांसाहार त्यांनी अखेरपर्यंत केला नाही. शारदा सदनाच्या खर्चासाठी बोस्टनच्या मदत-समितीने दहा वर्षांची हमी दिली होती. ती मुदत संपल्यावर प्रार्थनेवर भिस्त ठेवून त्या खर्च चालवू लागल्या.

मग १९०५ उजाडले. जानेवारीत सुमारे सत्तर जणी रोज पहाटे प्रार्थनेला जमू लागल्या. जूनपर्यंत ही संख्या साडेपाचशेवर गेली आणि जमणे दिवसातून दोनदा होऊ लागले. जूनच्या शेवटी एका रात्री काय झाले ते मुक्तीत काम करणाऱ्या अमेरिकन मिनी अब्राम्स यांनी लिहून ठेवले आहे. झोपण्याच्या खोलीत एक मुलगी प्रार्थना करीत होती. शेजारच्या मुलीला ती ज्वाळांनी वेढलेली दिसली. ती धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली. ओतणार तोच तिच्या ध्यानात आले की ही आग विझवायची आग नाही.

या प्रसंगाकडे कोणी श्रद्धेने पाहील, कोणी मानसशास्त्राने. बादली मात्र विसरता येत नाही. जिने ती उचलली तिला धर्मशास्त्र माहीत नव्हते. मैत्रीण जळते आहे एवढेच दिसले आणि ती धावली. फुलहॅमच्या भगिनींनी जे केले आणि रमाबाईंनी मध्य प्रांतात जे केले, त्याच जातीची ही धाव होती.

पुढचे कित्येक आठवडे मुक्तीत रडणे होते. चोरलेल्या वस्तू परत केल्या जात, खोटे बोललेले कबूल होई, भांडणे मिटत. रडण्यानंतर हसणे आले, गाणे आले, काही मुली नाचल्याही. सगळ्या एकदम मोठ्याने प्रार्थना करीत. हा गोंगाट ऐकून काही पाश्चात्त्य मिशनरी अस्वस्थ झाले. रमाबाई ठाम राहिल्या. भारतीय माणसांना देवापुढे आपल्या पद्धतीने बोलू द्या, युरोपच्या शिस्तीत कोंबू नका, असे त्यांनी ‘मुक्ती प्रेयर बेल’ या आपल्या पत्रात बजावले. आनंद झालेल्या मुलींच्या तुकड्या आसपासच्या खेड्यांत जाऊ लागल्या. अब्राम्स यांनी १९०६ मध्ये या सगळ्यावर पुस्तिका लिहिली. ती चिलीतल्या वाल्पाराइसो शहरी हूव्हर नावाच्या मेथडिस्ट पाळकाच्या घरी पोहोचली, कारण हूव्हरबाई आणि अब्राम्स एका वर्गातल्या. १९०९ मध्ये तिथे जे उपासना-आंदोलन उभे राहिले, त्याच्या मागे ही पुस्तिका होती. दौंड तालुक्यातल्या मुलींची गोष्ट दक्षिण अमेरिकेचा इतिहास वळवून गेली, आणि पुण्यात ती फारशी कोणी सांगत नाही.

याच काळात रमाबाईंनी बायबलचे काम हाती घेतले होते. मराठीत बायबल नव्हते असे नाही. बंगालमधल्या श्रीरामपूरला मिशनरी कॅरीसाहेबांनी १८११ मध्ये नवा करार छापला होता आणि पुढे अनेकांनी तो सुधारला. पण त्यातली भाषा पंडिती आहे, असे रमाबाईंचे मत होते, आणि पंडिती म्हणजे काय हे त्यांच्याइतके कोणाला कळणार! हिंदू दर्शनांचे अर्थ चिकटलेले संस्कृत शब्द त्यांनी बाजूला सारले. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतले. मूळ शब्दाला शक्य तितके चिकटून राहण्याच्या हट्टामुळे त्यांचे भाषांतर काही ठिकाणी वाचायला खडबडीत लागते, हे मान्य केले पाहिजे. तो खडबडीतपणा त्यांनी डोळसपणे पत्करला होता. भागवत पाठ असलेल्या या बाईने आपली अलंकारिक वाणी बाजूला ठेवली आणि जात्यावरच्या बाईच्या शब्दांत लिहायला बसली.

हे काम सुमारे अठरा वर्षे चालले. सकाळी सदनाचा कारभार, आलेल्या-गेलेल्यांची गाऱ्हाणी आणि मग हिब्रू. कोरा कागद मजकुराने भरला की तो छापखान्यात जाई, मुली तो जुळवीत, शाईचा रूळ फिरे, ओले प्रूफ रमाबाईंकडे परत येई. त्या चुका खुणावीत. एखादा खिळा उलटा बसलेला असे, एखादी वेलांटी सुटलेली असे. मग मुलगी चिमट्याने तो काढून दुसरा बसवी.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली, चाळिशीची. आईचा उजवा हात होता तो. रमाबाईंनी काम थांबवले नाही. उरलेली प्रुफे तपासत राहिल्या. शेवटचे प्रूफ तपासून झाले आणि त्याच रात्री त्या झोपेतच गेल्या, अशी आठवण सांगितली जाते. तारीख ५ एप्रिल १९२२. आख्खे बायबल छापून बाहेर यायला १९२४ उजाडले. मधली दोन वर्षे मुक्तीचा छापखाना चालू होता. फर्मा छापून झाला की तो सोडवायचा, प्रत्येक खिळा रॉकेलने पुसायचा आणि नेमक्या त्याच्या खान्यात परत टाकायचा, म्हणजे पुढचे पान जुळवता येते. रमाबाईंच्या मागे मुली तेच करीत राहिल्या, एकेक खिळा हाताने उचलून.