सायकल शिकायची कुठे? मैदानापासून आपल्या आवारापर्यंत

सोसायटीचा पंचवीस वर्षांचा इतिहास या स्मरणिकेत इतरांनी लिहिला आहेच. जमीन कशी मिळाली, कन्व्हेयन्ससाठी किती चपला झिजल्या, बोअरवेलला पाणी कधी लागलं, हे सगळं त्यात येईल. मी विषय जरा वेगळा घेतो. आपल्या चारही इमारतींत मिळून चौथीपर्यंतची किंवा त्याहून लहान अशी चोवीस मुलं आहेत. (बँकेतली सवय, मोजल्याशिवाय चैन पडत नाही.) त्यातल्या सतरा जणांकडे सायकल आहे, आणि सतरापैकी बारा सायकली जिन्याखाली धूळ खात उभ्या आहेत. आईबापांना विचारलं की एकच उत्तर मिळतं : "काका, चालवायची कुठे?" एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून देशभर नाव असलेल्या पुण्यात हा प्रश्न का पडावा, त्याचा हा थोडा इतिहास.

सायकलचा जन्म १८१७ सालचा. जर्मनीत मानहाइम इथे कार्ल ड्राइस या गृहस्थाने दोन चाकांचं लाकडी वाहन चालवून दाखवलं. त्याला पेडल नव्हतं. बसायचं आणि पायांनी जमीन मागे ढकलत पुढे जायचं. पेडल आले १८६०च्या दशकात, फ्रान्समध्ये. दोन्ही चाकं साधारण सारखी आणि मागच्या चाकाला साखळी, ही आजची ठेवण इंग्लंडमध्ये १८८५ साली स्टार्ली यांच्या 'रोव्हर'ने रूढ केली. डनलॉप यांनी हवेचा टायर काढला १८८८ मध्ये. गंमत अशी की हल्ली दोन-तीन वर्षांच्या मुलांसाठी बिनपेडलची सायकल दुकानात मिळते, ती म्हणजे ड्राइससाहेबांचीच १८१७ची सायकल. तोल आधी, पेडल नंतर, हा क्रम दोनशे वर्षांनी पुन्हा मान्य झाला.

आपल्याकडे सुरुवातीला सायकल विलायतेहून येई आणि ती साहेबाची किंवा वकील-डॉक्टरांची असे. तरी १९२३ साली मुंबईहून काही पारशी तरुण सायकलवर जगाच्या फेरीला निघाले आणि त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगरा हे तिघे १९२८ मध्ये फेरी पुरी करून परतले, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. सायकल सर्वसामान्यांच्या हातात आली ती देशात कारखाने निघाल्यावर. मुंबईत वरळीला हिंद सायकल, १९४९ मध्ये मद्रासला टीआय, १९५१ मध्ये सोनीपतला ॲटलास, १९५६ मध्ये लुधियानाला हीरो.

पुण्याला सायकल मानवली याची कारणं साधी होती. गाव तसं सपाट, अंतरं लहान, हवा बरी, आणि खिसा हलका. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली की सायकलींचा लोंढा यायचा. हुजूरपागेच्या मुली, फर्ग्युसन-एस.पी.चे विद्यार्थी, कचेरीतले कारकून, दूधवाले, सगळे सायकलवरच. डबलसीट किंवा बिनदिव्याची सायकल पोलिसाने धरली की हवा सोडून द्यायचा, नाहीतर दंड. सायकलला बिल्ला लागायचा. आज हसू येतं, पण तेव्हा सायकल हे रीतसर वाहन होतं आणि रस्त्यावर त्याचा हक्क कुणी नाकारत नव्हतं.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटलं आणि नदीकाठचं पुणं विस्कटलं. पूरग्रस्तांच्या वसाहती गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा लांब लांब झाल्या. वाड्यातून चालत शाळेत जाणारी मुलं तीन-चार मैल दूर गेली आणि घरोघरी सायकल आली. सहकारी सोसायट्यांचं आणि सायकलचं नातं तेव्हापासूनचं आहे, म्हणायला हरकत नाही.

आता मूळ मुद्दा. तेव्हा मुलं सायकल शिकत कुठे? रस्त्यावर नाही, हे लक्षात घ्या. रस्ते मोकळे असूनही शिकणं मैदानातच व्हायचं. पेठेच्या कोपऱ्यावर भाड्याच्या सायकलींचं दुकान असे. तासाला दोन आणे (नवे पैसे आले होते, तरी बोलताना आणेच). दुकानदार वहीत नाव आणि वेळ लिहून घ्यायचा. छोटी सायकल मिळाली तर नशीब, नाहीतर मोठ्या माणसाचीच चोवीस इंची. पाय पुरत नसत, मग दांडीखालून एक पाय पलीकडे घालून वाकड्या अंगाने अर्धं-अर्धं पेडल मारायचं. मागे थोरला भाऊ नाहीतर मामा कॅरियर धरून पळायचा. "सोडू नकोस रे!" म्हणून ओरडेपर्यंत त्याने केव्हाच सोडलेली असे. शाळेचं पटांगण, कॉलेजचं ग्राउंड, देवळामागची मोकळी जागा, उन्हाळ्यात कोरडं पडलेलं नदीपात्र, खडकवासल्याच्या कालव्याच्या कडेची मातीची वाट (ही मोठ्या मुलांसाठी), रविवारी कॅम्पातले रुंद निवांत रस्ते : ही आमची विद्यापीठं. पेशवे पार्कात १९५६ साली फुलराणी सुरू झाली तेव्हा तिकडे जाणं हा सोहळा असे, पण सायकलला फुलराणीसारखं तिकीट काढावं लागत नव्हतं. जागा फुकट होती.

या जागांचं वैशिष्ट्य काय होतं? जमीन सपाट होती आणि पडलं तरी माती होती. मोटार येण्याची वाट नव्हती. कुणीतरी मोठं माणूस नजरेच्या टप्प्यात असायचं. आणि घरापासून पायी जाता यायचं. हे चारही गुण एकत्र असले की लहान मुलाला आठवड्याभरात सायकल येते. त्यातला एक जरी गेला तरी महिना लागतो, नाहीतर सायकल जिन्याखाली जाते.

मग हे गेलं कसं? दोष कुणा एकाचा नाही. १९७२ साली लुना निघाली, त्याच वर्षी आकुर्डीहून चेतक. स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसणारे लोक मी काउंटरवरून पाहिले आहेत. नंबर लागला की पेढे वाटत. बँकेत मी रुजू झालो तेव्हा सायकलसाठी कर्ज मागणारे येत, दहा-बारा वर्षांत ते अर्ज बंद झाले आणि दुचाकीचे सुरू झाले. पुढे मारुती आली, मग सगळ्यांच्याच हप्त्यावर गाड्या. ज्या शहराने देशाला स्कूटर दिली त्याच शहराची सायकल स्कूटरने नेली. १९९७ मध्ये आसपासची गावं महापालिकेत आली, शहर पसरलं, अंतरं वाढली. २०१८ साली तर पुण्यातल्या नोंदलेल्या वाहनांची संख्या लोकसंख्येच्या पुढे गेल्याची बातमी सर्व वर्तमानपत्रांत आली होती.

मोकळ्या जागाही आक्रसल्या. शाळांच्या पटांगणांवर नव्या इमारती आल्या, कॉलेजांच्या फाटकांवर पहारेकरी बसले. नदीपात्रात वाहनांचा रस्ता झाला. मुठेचा डावा कालवा एरंडवण्याच्या अंगाने जात असे, तो बुजला आणि 'कॅनॉल रोड' एवढं नाव उरलं. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल ते बाथ हा बंद पडलेला रेल्वेमार्ग स्वयंसेवकांनी १९७९ ते १९८६ या काळात सायकलवाट केला. सुमारे एकवीस किलोमीटर, एकही मोटार नाही. आपल्या बुजलेल्या कालव्याचंही तसं होऊ शकलं असतं, असं तिथून जाताना मला नेहमी वाटतं.

प्रयत्न झालेच नाहीत असं नव्हे. २००६ मध्ये बीआरटीबरोबर सायकल ट्रॅक आले. डिसेंबर २०१७ मध्ये शहराच्या सायकल आराखड्याला मंजुरी मिळाली. त्यात आठशे किलोमीटरहून जास्त लांबीचं जाळं कागदावर आहे. त्याच सुमारास विद्यापीठाच्या आवारात आणि औंधला भाड्याच्या नव्या सायकली आल्या, मोबाइलवर कुलूप उघडणाऱ्या, आणि काही काळाने गेल्याही. पण ट्रॅक झाला तरी तो मोठ्यांसाठी. मध्येच विजेची पेटी, पुढे लावलेल्या दुचाक्या, चौकात संपणारी वाट. पाच वर्षांच्या मुलाला तिथे कोण सोडेल?

नेदरलँडचं उदाहरण सगळे देतात, पण तिथेही हे आपोआप झालं नाही. १९७१ साली त्या छोट्या देशात सुमारे तीन हजार तीनशे माणसं रस्त्यांवर मेली, त्यांत चारशेहून जास्त लहान मुलं. 'बालहत्या थांबवा' या नावाचं आंदोलन उभं राहिलं, आईबाप मुलांना घेऊन रस्त्यात बसले. त्याच दशकात तिथे 'वूनएर्फ' नावाची गल्ली कायद्यात आली (१९७६). या शब्दाचा अर्थच मुळी राहतं अंगण. अशा गल्लीत मूल रस्त्याच्या मधोमध खेळू शकतं आणि मोटारीने माणसाच्या चालीने जायचं.

हे वाचलं आणि माझ्या मनात आलं, की अंगण तर आपल्याकडे आहेच. मोठ्या भूखंडाचा नकाशा मंजूर होताना दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते, तशी आपणही सोडली आहे. बी आणि सी इमारतींच्या मागून जाणारा, कुंपणाला लागून वळणारा तो साठ पावलांचा रस्ता. सपाट, फाटकाबाहेर न उघडणारा, आणि दोन्ही इमारतींच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या त्याच्यावर. वर सांगितलेल्या चार गुणांपैकी मातीचा एक सोडला तर बाकी सगळे आहेत. २००० साली आपण राहायला आलो तेव्हा आवारात अकरा गाड्या होत्या आणि पहिल्या पिढीची सगळी मुलं याच रस्त्यावर सायकल शिकली. त्यांतले काही आज स्वतः आईबाप आहेत. आता गाड्या एकाहत्तर आहेत. दोन वर्षांपूर्वी याच रस्त्यावर मागे येणाऱ्या एका गाडीने एका मुलीची सायकल चिरडली. मुलगी उडी मारून बाजूला झाली म्हणून वाचली. ते वाकलेलं चाक मी पाहिलं आहे.

येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर मागच्या रस्त्यावर पार्किंगचे पट्टे मारण्याचा ठराव आहे. गाडीवाले शत्रू नाहीत. माझ्या मुलाची गाडीही रात्री जागा शोधत फिरते. पण हिशेब मांडून पाहू. पट्टे मारले तर नऊ गाड्यांची सोय होते, आणखी दोन वर्षांनी पुन्हा नऊ गाड्या बाहेर उभ्या राहतील. रस्ता गेला तर मुलांना मात्र दुसरा नाही. आणि मोकळी जागा ही कुणा एकाची नसून सर्वांची असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दहिसरच्या एका सोसायटीच्या खटल्यात बिल्डरला स्टिल्ट पार्किंग वेगळं विकता येणार नाही असं म्हटलं, त्यामागचं तत्त्वही सामाईक जागेचंच होतं.

म्हणून माझी उपसूचना अशी. पट्टे मारू नयेत. रात्री नऊ ते सकाळी आठ गाड्या उभ्या करायला हरकत नाही. संध्याकाळी पाच ते सात दोन्ही टोकांना साखळी लावावी. साखळीची किंमत मी विचारून आलो आहे, वॉचमनचा पगार त्यासाठी वाढवावा लागत नाही. रोज एका ज्येष्ठ सभासदाने खुर्ची टाकून बसावं, आम्ही नाहीतरी बाकावर बसतोच.

आईबापांना दोन व्यावहारिक गोष्टी. मोठी होईल म्हणून मोठी सायकल घेऊ नका. सीटवर बसून दोन्ही तळवे जमिनीला टेकले पाहिजेत. आणि बाजूची छोटी चाकं लावण्याऐवजी आठवडाभर पेडल काढून ठेवा, मूल पायांनी ढकलत तोल शिकेल. पेडल काढताना लक्षात ठेवा, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. जमलं नाही तर पाना घेऊन मला हाक मारा, मी तळमजल्यालाच राहतो.

उपसूचनेचा मसुदा सचिवांकडे लेखी दिला आहे. अनुमोदक हवा आहे. सभेला सर्वांनी यावं, आणि येताना जिन्याखालच्या सायकलींमध्ये हवा भरून यावं, ही विनंती.

– एक ज्येष्ठ सभासद (निवृत्त बँक अधिकारी), बी विंग